दोन-दोन दिसणारी अक्षरं

मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरचं माढा तालुक्यातलं बाजाराचं गाव. इथल्या दुकानांच्या गल्ल्यांत दिवसभर चिल्लर येते आणि जाते. त्यात कधीतरी असं नाणं हाती लागतं, की सालाचे आकडे दोन-दोन दिसतात किंवा काठाचा तुकडाच गायब असतो. लगेच कुणीतरी मोबाइलवर लाखांचे आकडे दाखवतं. पण किमतीच्या आधी एक गोष्ट तपासायला हवी: हा दोष टाकसाळीत पडला की बाहेर आल्यावर?

नाण्याला लागते धातूची कोरी चकती, दोन ठसे आणि मशीनचा दाब. चूक यांपैकी कुठेही होऊ शकते. पट्टीतून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर चढला, की काठ चंद्रकोरीसारखा कापला जातो. अशा कापाच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते. घरी कानशीने घासलेल्या नाण्यावर ती ठसठशीत राहते. चकती ठशांमध्ये नीट बसली नाही, तर चित्र एका बाजूला सरकतं. ठशाला तडा गेला, तर नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. रेघ खोल गेली असेल, तर तो बहुधा साधा ओरखडा.

सर्वात जास्त फसगत होते ती दुहेरी अक्षरांत.

खरं ‘डबल डाय’ म्हणजे ठसाच दुहेरी असणं. पूर्वी ठसा घडवताना मूळ नमुना पोलादावर एकाहून अधिक वेळा दाबत. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला, की अक्षरं दोनदा कोरली जात आणि त्या ठशातून निघणारं प्रत्येक नाणं तसंच उमटे. अमेरिकेचा 1955 सालचा एक सेंट यामुळेच प्रसिद्ध झाला. अशी अंदाजे 20 ते 24 हजार नाणी चलनात गेली. त्यावरचं साल उघड्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतं.

याउलट, दाब देऊन ठसा सुटताना थरथरला, तर आधीच उमटलेलं अक्षर कडेला चेपलं जातं. संग्राहकांच्या लेखी अशा नाण्याला सहसा जादा मोल नसतं. फरक भिंगातून कळतो. डबल डायमध्ये दोन्ही अक्षरं फुगीर असतात, टोकांना खाच दिसते आणि अक्षर एकूण जाडावतं. थरथरीच्या नाण्यावर दुसरं ‘अक्षर’ म्हणजे पायरीसारखा सपाट कठडा असतो आणि मूळ अक्षर बारीक होतं.

महाराष्ट्रात दुहेरी छाप नवी नाही. शिवकाळातली तांब्याची शिवराई हातोड्याच्या घावाने पाडली जाई. खालचा ठसा पक्का, वरचा हातात. दोन घावांच्या मधे नाणं सरकलं, की ‘श्री राजा शिव’ची अक्षरं एकमेकांवर चढत. चकती ठशापेक्षा लहान असली, तर काही अक्षरं बाहेरच राहत. त्या काळच्या कामाची ती रीतच होती, म्हणून अशा शिवराईला ‘एरर कॉइन’ समजून जादा दाम मोजू नयेत.

आजच्या नाण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. नाणं सरळ धरून, वर-खालची टोकं चिमटीत पकडून डावीकडून उजवीकडे फिरवावं. मागची बाजूही सरळच दिसायला हवी. स्पष्ट तिरकी दिसली, तर ठसा फिरलेला आहे. सालाखालची खूणही पाहावी. हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. खूण नसली म्हणून ते चुकीचं नाणं ठरत नाही, कारण कोलकात्याच्या टाकसाळीची खूणच नसते.

संशयास्पद नाणं चिंचेने किंवा पावडरने घासू नये. पृष्ठभाग खराब झाला, की पारख अवघड होते आणि मोलही घटतं. कडेने धरून ते वेगळ्या पाकिटात ठेवावं आणि जाणकार संग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावं. नाणं विकून देण्यासाठी आधी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांना पैसे पाठवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असं शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. अशा व्यवहारांत आपण नाही आणि आपल्या वतीने शुल्क घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, हेही बँकेने तेव्हा स्पष्ट केलं.