तमिळ देशांतील आधुनिक पुतळे व त्यांचे आधार

१

मद्रासच्या, म्हणजे हल्लींच्या चेन्नईच्या, समुद्रकिनाऱ्यावर १९६८ सालीं दुसऱ्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्तानें पुतळ्यांची एक रांग उभी करण्यांत आली. तींत तिरुवळ्ळुवर, औवैयार व कंबन् हे प्राचीन कवि आहेत. सुब्रह्मण्य भारती हा अगदीं अलीकडचा कवि आहे. पोप व कॉल्डवेल हे तमिळचे युरोपीय अभ्यासक आहेत. आणि कण्णगी ही तर एका काव्याची नायिका आहे. रस्त्यानें जाणाऱ्यास या सर्वांचीं मुखें सारख्याच खात्रीचीं वाटतात. संशोधकास तसें मानतां येत नाहीं. भारतींचीं (१८८२–१९२१) छायाचित्रें उपलब्ध आहेत, त्यामुळें त्यांचा फेटा व मुद्रा ताडून पाहतां येते. तिरुवळ्ळुवराचें समकालीन चित्र एकहि नाहीं. कण्णगीचें तर असण्याचा प्रश्नच नाहीं.

अस्सल पत्र व बखर यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. बखर टाकाऊ नसते. मात्र ती ज्या काळाविषयीं बोलते त्यापेक्षां ज्या काळीं लिहिली गेली त्या काळाविषयीं अधिक विश्वसनीय असते. पुतळ्यांसहि हाच नियम लावावा असें आम्हांस वाटतें. तो लावून तमिळ देशांतील कांहीं प्रसिद्ध पुतळ्यांचे आधार कोणते, हें दाखविण्याचा या लेखांत विचार आहे.

२

पुतळा उभारण्याची सार्वजनिक चाल आपल्याकडे इंग्रजी अमलांत आली असा सामान्य समज आहे. तमिळ देशापुरता तो अर्धाच खरा आहे. रणांत पडलेल्या वीराच्या नांवें दगड उभा करण्याची पद्धति तेथें फार जुनी असून त्या दगडास ‘नडुकल्’ म्हणतात. आपल्याकडील वीरगळ तो हाच प्रकार. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन व्याकरणग्रंथांत या विधीच्या पायऱ्या क्रमानें दिल्या आहेत : शिळा शोधणें, ती आणणें, तिला स्नान घालणें, ती रोवणें, तिची पूजा करणें व वीराची स्तुति गाणें.

‘शिलप्पदिकारम्’ या काव्याच्या तिसऱ्या कांडांत हाच क्रम कण्णगीस लावलेला आहे. पतीचा अन्यायानें वध झाल्यावर कण्णगीनें मदुरेच्या राजसभेंत आपलें पैंजण फोडून त्याचें निरपराधित्व सिद्ध केलें. तिच्या पैंजणांतून माणकें निघालीं. राणीच्या पैंजणांत मोतीं होते. पुढें चेर राजा शेंगुट्टुवन् यानें तिच्या मूर्तीसाठीं हिमालयांतून शिळा आणविली व तिला गंगेंत स्नान घातलें, असें कवि सांगतो. त्या कांडांतील सर्गांचीं नांवेंहि शिळादर्शन, शिळाग्रहण, जलस्नान, शिलास्थापन अशाच अर्थाचीं आहेत. ज्या काव्याच्या आधारें पुतळा उभारला गेला, त्याच काव्यांत त्या नायिकेची मूर्ति कशी घडली याचें वर्णन असावें, असा योग विरळा.

किनाऱ्यावरील पुतळा मात्र तिसऱ्या कांडांतील देवतेचा नाहीं. मोकळे केस व हातीं उंच धरलेलें पैंजण यांवरून शिल्पकारानें दुसऱ्या कांडांतील राजसभेचा प्रसंग निवडला, हें उघड होतें. पूजेची देवता मागें ठेवून न्याय मागणारी स्त्री पुढें आणणें, ही विसाव्या शतकाची निवड आहे.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हें काव्य आज छापलेलें सहज मिळतें. पण त्याची शोधित आवृत्ति महामहोपाध्याय उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनीं गांवोगांवचीं ताडपत्रें मिळवून, पाठ ताडून, १८९२ सालीं प्रसिद्ध केली. कण्णगीच्या पुतळ्याचा पाया दगडाचा असला, तरी त्याखालीं ताडपत्रांचा एक थर आहे, हें पोथ्या जमविणारांनीं विसरूं नये. स्वामिनाथ अय्यर यांचाहि पुतळा त्याच किनाऱ्यासमोर प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आवारांत आहे.

३

तिरुवळ्ळुवराची गोष्ट अधिक बिकट आहे. त्याच्या ‘तिरुक्कुरळ’ ग्रंथांत १३३ अध्याय व प्रत्येकीं १० याप्रमाणें १३३० द्विपद्या आहेत. साने गुरुजींनीं त्याचें मराठी भाषांतर केलें असल्यामुळें ग्रंथ आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. कवीचा काळ कोणी ख्रिस्तपूर्व शतकांत नेतात, कोणी इ. स. च्या पांचव्या-सहाव्या शतकापर्यंत खालीं आणतात. तमिळनाडु सरकारनें ख्रिस्ती सनांत ३१ मिळवून तिरुवळ्ळुवर शक चालविला आहे. तो व्यवहाराचा निर्णय असून कालनिर्णयाचा पुरावा नव्हे.

त्याच्या मुखाच्या परंपरेच्या पायऱ्या अशा दिसतात. मैलापूर येथें त्याचें जुनें देऊळ आहे व तेथील मूर्ति बैठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासचा कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस यानें, टांकसाळ त्याच्या देखरेखीखालीं असतां, वळ्ळुवराची बैठी आकृति असलेलें सोन्याचें नाणें पाडविलें. त्यावर इरावदम् महादेवन् यांनीं १९९४ सालीं लेख लिहून नाण्याची ओळख पटविली. याच एलिसनें मद्रासेंत विहिरी खोदविल्या व १८१८ च्या तमिळ शिलालेखांत कुरळांतील एक द्विपदी कोरविली. पेशवाई बुडाली त्याच सालचा हा लेख आहे.

आज सर्वत्र दिसणारें मुख याहून निराळें आहे. दाढी, बांधलेला केशकलाप, शुभ्र वस्त्र, हातीं लेखणी व ताडपत्र असें हें चित्र के. आर. वेणुगोपाल शर्मा या चित्रकारानें काढलें. १९६० सालीं टपाल खात्यानें वळ्ळुवराचें तिकीट काढलें, व १९६४ सालीं शर्मा यांचें चित्र मद्रासच्या विधिमंडळांत लागलें. तेव्हांपासून हें मुख प्रमाण ठरलें आहे. चित्रांत कोणत्याहि पंथाचें चिन्ह नाहीं; कारण जैन, शैव, वैष्णव असे अनेक जण कवीस आपला म्हणतात. अलीकडे, २०१९ सालीं, त्यास भगवीं वस्त्रें दाखविण्यावरून वाद माजला. ज्याच्या वस्त्राचा पुरावाच नाहीं त्याच्या वस्त्राच्या रंगावरून भांडण व्हावें, यावरून चित्राचें सामर्थ्य किती आहे हें कळतें.

४

मुखाचा आधार नाहीं, मग स्थपतीनें काय करावें ? वै. गणपति स्थपति (१९२७–२०११) यांनीं याचें उत्तर मापांत शोधलें. चेन्नई येथील वळ्ळुवर कोट्टम् (१९७६) हें त्यांचें काम. तिरुवारूरच्या प्रसिद्ध देवरथाच्या धर्तीवर तेथें सुमारें १२८ फूट उंचीचा दगडी रथ असून, जवळच्या सभागृहाच्या सज्ज्यांतील शिळांवर सर्व १३३० द्विपद्या कोरल्या आहेत. पोथीची ही एक दगडी नक्कलच म्हणावयाची.

कन्याकुमारीचा पुतळा याच्याहि पुढें गेला. तो १ जानेवारी २००० रोजीं अनावृत झाला. त्याची एकंदर उंची १३३ फूट, म्हणजे ग्रंथाच्या अध्यायांइतकी. पैकीं चौथरा ३८ फूट व मूर्ति ९५ फूट. कुरळाच्या धर्मविषयक भागाचे अध्याय ३८, अर्थविषयक ७० व कामविषयक २५. शेवटच्या दोहोंची बेरीज ९५. धर्माच्या पायावर अर्थ व काम उभे राहावे, असा ग्रंथाचा अभिप्राय स्थपतीनें फुटांत मांडला. उजव्या हाताचीं वर धरलेलीं तीन बोटें याच तीन भागांचीं द्योतक आहेत.

ग्रंथांतील अध्यायांचा व द्विपद्यांचा क्रम सर्व प्राचीन टीकाकारांत एक नाहीं. मणक्कुडवर व परिमेलळगर यांच्या प्रतींत फरक आहेत. स्थपतीनें मापासाठीं क्रम न घेतां संख्या घेतली. त्यामुळें पुतळा कवीच्या देहाविषयीं कांहींच सांगत नसला, तरी विसाव्या शतकाच्या अखेरीस कुरळाची कोणती विभागणी प्रमाण मानली जात होती, हें तो नि:संशय सांगतो. तेवढ्यापुरता तो अस्सल कागद आहे.

५

मापाचें महत्त्व तंजावरास अधिक स्पष्ट दिसतें. राजराज चोळाचा आधुनिक पुतळा बृहदीश्वर मंदिराच्या तटाबाहेर आहे. केंद्राच्या पुराणवस्तु खात्याची अनुमति नसल्यानें तो आंत बसूं शकला नाहीं. मात्र मंदिराच्याच शिलालेखांत, राजराज व राणी लोकमहादेवी यांच्या धातूच्या प्रतिमा मंदिराच्या कारभाऱ्यानें स्थापिल्याचें नमूद असून, त्यांची उंची हात व अंगुळें यांत दिली आहे. २०१८ सालीं अहमदाबादेच्या एका संग्रहालयांतून दोन मूर्ति तंजावरास परत आल्या, तेव्हां त्या याच होत असें राज्याच्या मूर्ति-तपास विभागानें म्हटलें. तें मत कोणी मान्य करो वा न करो, वादाचा आरंभ लेखांतील मापापासून करावा लागतो. हजार वर्षांपूर्वींच्या कारकुनानें मापें लिहून ठेविलीं नसतीं, तर हा आधारहि उरला नसता.

त्याच मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा मोठा मराठी शिलालेख (१८०३) आहे, आणि तो कोरविणाऱ्या सरफोजी राजांचा जॉन फ्लॅक्समनकृत संगमरवरी पुतळा जवळच राजवाड्याच्या दरबारांत आहे. हा पुतळा समकालीन असला, तरी फ्लॅक्समन हिंदुस्थानांत आला नव्हता व सरफोजी विलायतेस गेले नव्हते. यास्तव समकालीन मुखहि दुसऱ्याच्या हातून आलेलें असूं शकतें, हें ध्यानांत ठेवावें.

६

पुतळे स्थिर असतात हाहि एक भ्रमच आहे. किनाऱ्यावरील कण्णगी २००१ च्या डिसेंबरांत तेथून हलविण्यांत आली व २००६ च्या जूनमध्यें पुन्हां बसविण्यांत आली. आज चौथऱ्यापाशीं उभ्या राहणाऱ्यास ही साडेचार वर्षें दिसत नाहींत. तीं कागदांतच आहेत.

यास्तव आमची वाचकांस विनंति अशी कीं, ताम्रपट व सनदा यांच्या बरोबरीनें आपल्या काळांतील पुतळ्यांचे कागदहि जमवावे : उभारणीचा ठराव, स्थपतीचें मापपत्रक, ज्या चित्रावरून मुख घेतलें त्याची प्रत, चौथऱ्यावरील मूळ लेख व पुढें बदललेला लेख. हें काम तमिळ देशापुरतेंच नाहीं. आपल्या चौकाचौकांतील पुतळ्यांसहि तें तितकेंच लागू आहे. दोनशें वर्षांनीं कोणी संशोधक कन्याकुमारीच्या त्या पाषाणासमोर उभा राहून, कवि असाच दिसत होता काय, असें विचारील. मुखाविषयींचें उत्तर त्यास दगड देणार नाहीं. कोणी जपून ठेविलेला एखादा कागदच देईल.