म्हाताऱ्या मारेकऱ्याची शेवटची कामगिरी

चित्रपटांना एक गोष्ट फार प्रिय आहे. केस पिकलेला, गुडघे धरलेला एक मारेकरी धंदा सोडून निवांत बसलेला असतो. जुना मालक निरोप धाडतो, 'एवढं एकच काम कर.' तो नको नको म्हणत पेटीतलं पिस्तूल बाहेर काढतो. मग आपण पापभीरू माणसं, ज्यांनी आयुष्यात झुरळापलीकडे काही मारलेलं नसतं, तो सुखरूप सुटावा म्हणून खुर्चीत पुढे सरकून बसतो. मीही तसाच बसत आलो. फ्रँक शीरन या अमेरिकन माणसाची हकिगत वाचली आणि त्या बसण्यातली मजा कमी झाली.

शीरनचा जन्म १९२० चा. दुसऱ्या महायुद्धात तो इटलीत लढला, परतल्यावर ट्रक चालवू लागला आणि पुढे रसेल बुफालिनो या माफिया म्होरक्याच्या पदरी लागला. बुफालिनोने त्याची गाठ जिमी हॉफाशी घालून दिली. हॉफा हा ट्रकचालकांच्या बलाढ्य 'टीमस्टर्स' युनियनचा अध्यक्ष. कामगारांच्या पेन्शन फंडातून माफियाला कर्जं मिळत आणि त्यावर लास व्हेगासचे जुगारखाने उभे राहत. हॉफा १९६७ ते १९७१ तुरुंगात होता. सुटल्यावर त्याला पुन्हा अध्यक्षपद हवं होतं. माफियाला मात्र नवा, मवाळ अध्यक्ष मानवला होता. ३० जुलै १९७५ रोजी डेट्रॉइटजवळच्या एका रेस्टॉरंटबाहेर हॉफा शेवटचा दिसला. त्यानंतर आजतागायत त्याचं हाडदेखील सापडलेलं नाही.

संशयितांत शीरनचं नाव होतं, पण तो गप्प राहिला. पुढे दुसऱ्याच गुन्ह्यांसाठी त्याने बरीच वर्षं तुरुंगात काढली. अखेर वय झालेल्या, आजारी शीरनने चार्ल्स ब्रँट या वकिलासमोर तोंड उघडलं. हॉफा आपला मित्र होता, तो आपल्या भरवशावर त्या घरात शिरला आणि गोळी आपणच घातली, असं त्याने सांगितलं. डिसेंबर २००३ मध्ये तो वारला. ब्रँटचं पुस्तक २००४ मध्ये आलं. मार्टिन स्कॉर्सेसीने त्यावरून २०१९ मध्ये 'द आयरिशमन' काढला. साडेतीन तासांच्या या चित्रपटात शेवटी म्हातारा शीरन स्वतःसाठी शवपेटी पसंत करायला जातो. तो प्रसंग मी विसरू शकत नाही.

आता खरी मेख अशी, की ही कबुली अनेक जाणकारांना पटलेली नाही. शीरनने दाखवलेल्या घराच्या फळ्या २००४ मध्ये उचकटून तपासल्या, त्यांवर रक्त मिळालं, पण ते हॉफाचं नव्हतं. खून आपण केल्याचं सांगणारे इतरही निघाले. शीरनने इतके खून केलेच नाहीत, असं म्हणणारे पत्रकारही आहेत. कट त्याला ठाऊक असावा, पण पिस्तूल त्याच्या हातात होतं का, याची मला दाट शंका आहे.

म्हणजे म्हाताऱ्याची शेवटची कामगिरी म्हणायची ती ही कबुलीच. एरवी केलेला खून नाकारण्यासाठी माणसं आकाशपाताळ एक करतात. इथे एक माणूस मरताना, कदाचित न केलेला खून अंगावर घेतो. का? पैसा हे एक उत्तर झालं. इतिहासात नाव राहावं, हे दुसरं. त्याने धर्मगुरूपुढे पापं कबूल केली होती, तेव्हा परलोकाची धास्तीही असेल. हॉफा नाहीसा झाला त्या सुमारास त्याच्या एका मुलीने त्याच्याशी बोलणंच सोडलं, असं तोच सांगे. जगाला सगळं सांगून त्याला बहुधा तिलाच काहीतरी सांगायचं असावं, असं मला उगीच वाटत राहतं.

दुसऱ्या बाजूलाही मुलं होतीच. हॉफाचा मुलगा पुढे त्याच युनियनचा अध्यक्ष झाला, मुलगी न्यायाधीश झाली. वडिलांना कायद्याने मृत ठरवलं गेलं १९८२ मध्ये. त्यांच्या हाती या कबुलीतून ना देह आला, ना थडगं. कबुलीला पंधरावर वर्षं उलटल्यावर, २०२१ मध्ये, एफबीआयची माणसं न्यू जर्सीत एका पुलाखालच्या जुन्या कचराभरावाच्या जागेवर गेली. दुसऱ्या वर्षी तपासाअंती त्यांनी जाहीर केलं, की तिथे काही मिळालं नाही.