शांतिनाथांचे मृगलांछन आणि बोरिवलीचे अरण्य

रविवारी सकाळी बोरिवली पूर्वेच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला येणाऱ्यांमध्ये जैन कुटुंबांची संख्या लक्षणीय असते. बोरिवली, कांदिवली, मालाड येथील तर असतातच. मुलुंड-घाटकोपरहूनही मंडळी येतात. पोदनपूर येथील तीन मूर्तींच्या, म्हणजे भगवान आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या दर्शनाला आलेले भाविकही पुढे उद्यानात डोकावतात. वाटेच्या कडेला गवतात ठिपकेदार चितळांचा कळप दिसतो. मुले हरखतात, आणि कुणाचा तरी हात सहज पिशवीकडे जातो. बिस्कीट, पाव, खाखऱ्याचा तुकडा, जे असेल ते हरणापुढे धरले जाते. देणाऱ्याच्या मनात तिळमात्र वाईट भाव नसतो. उलट, प्राणिमात्राला घास देण्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

हा घास म्हणजे जीवदया आहे का, हा प्रश्न मात्र थांबून विचारण्याजोगा आहे.

जैन मनातील हरीण

हरणाशी जैन परंपरेचे नाते फार जुने आहे. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे लांछन मृग. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ विवाहासाठी निघाले असता भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला आणि वरातीचा रथ मागे फिरला. पुढे गिरनारवर त्यांनी दीक्षा घेतली. श्रावकाने त्यागावयाच्या सप्तव्यसनांत शिकारीची गणना आहे. मुंबईच्या व्यापारी समाजाने ही दया केवळ ग्रंथांत ठेवली नाही. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावल्यावर १८३२ मध्ये शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. निराधार जनावराला दाणापाणी आणि निवारा देणे हीच तेव्हापासून जीवदयेची रूढ कल्पना झाली.

पांजरापोळीतील गाय आणि अरण्यातील चितळ यांच्या स्थितीत मात्र मूलभूत फरक आहे. गाय माणसावर अवलंबून आहे. चितळ नाही.

बंदुकीचा हिशेब

साष्टीच्या डोंगरांत एके काळी वाघही होता. विहार तलावाजवळ १९२९ मध्ये वाघ मारला गेल्याची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला, आणि १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर शिकारीला पायबंद घातला. आज चितळ, सांबर, भेकर किंवा इवलेसे पिसोरी मारणे हा गुन्हा आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला जातो. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी काही लाखांवर आले होते. कायद्याने संरक्षण मिळाल्यावर ते वाढले. पण त्याच काळात लांडगा आणि प्यूमा हे त्याचे शत्रू बहुतेक प्रदेशांतून नाहीसे करण्यात आले होते. परिणामी आज तेथे या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. ती शेते खातात, जंगलातील कोवळी रोपे वर येऊ देत नाहीत, रस्त्यांवर वाहनांना धडकतात. म्हणून दरवर्षी परवाने देऊन लाखो हरणे मारली जातात आणि त्यालाच व्यवस्थापन म्हटले जाते. आधी वाघनखे मोडली, मग त्यांच्या जागी बंदूक आणली, असा हा क्रम आहे.

आपल्या देशातही याचे एक उदाहरण आहे. अंदमानात चितळ मुळी नव्हते. इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी ते तेथे सोडले. बेटांवर बिबट्या नाही, वाघ नाही. चितळ वाढत गेले आणि कोवळी रोपे खाऊन जंगलाची नवी पिढीच त्यांनी खुंटवली, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. शत्रू नसलेले हरीण अखेर स्वतःचे घरच खाऊन टाकते.

एकशेचार चौरस किलोमीटरची व्यवस्था

बोरिवलीच्या अरण्यात बंदूक लागत नाही, कारण येथील जुनी व्यवस्था अजून शाबूत आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे वन, त्याच्या पोटात तुळशी आणि विहार हे दोन तलाव, आणि तिन्ही बाजूंनी दाट वस्ती. पावसाळ्यात गवत उंच वाढते. उन्हाळ्यात ते वाळते, ओहळ आटतात आणि हरणे उरलेल्या पाणवठ्यांकडे सरकतात. झाडावरची वानरे अर्धवट खाल्लेली पाने-फळे खाली टाकतात, ती चितळ वेचतात. वानर उंचावरून बिबट्या पाहतो आणि इशारा देतो, तो ऐकून कळप सावध होतो. तत्त्वार्थसूत्रात जीवांच्या परस्पर उपकाराचा जो सिद्धांत सांगितला आहे, त्याचे हे एक साधे, डोळ्यांना दिसणारे रूप होय.

या व्यवस्थेत बिबट्याही आहे. २०१५ मध्ये कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे आढळले. पुढील मोजणीत हा आकडा वाढला. चितळ आणि सांबर हे त्यांचे भक्ष्य. येथे जैन मन अडखळते, आणि ते स्वाभाविक आहे. हरणाच्या मृत्यूला व्यवस्था कसे म्हणावे?

दिगंबर परंपरेतील भगवान महावीरांच्या पूर्वभवाची कथा येथे आठवते. हरीण मारलेल्या सिंहाला आकाशमार्गाने आलेल्या दोन मुनींनी उपदेश केला. सिंहाला बोध झाला, त्याने हिंसा सोडली आणि व्रत पाळत देह ठेवला. मुनींनी त्याला पिंजऱ्यात घातले नाही, अरण्यातून हुसकावलेही नाही. व्रत हे ज्याचे त्याने घ्यायचे असते. ते दुसऱ्यावर लादता येत नाही. बिबट्याच्या कर्माचा भार श्रावकावर नाही. श्रावकावर भार आहे तो स्वतःच्या हातून काय घडते याचा.

माणसाने घाईने हात घातला की काय होते, हे मुंबईने २००२ ते २००४ या काळात अनुभवले. बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले; एकट्या जून २००४ मध्ये मृत्यूंची मालिकाच लागली. त्या काळी बाहेर पकडलेले बिबटे या उद्यानात आणून सोडले जात. उद्यानात भक्ष्य कमी आहे असे समजून डुकरे आणि ससेही सोडण्यात आले. म्हणजे मरण्यासाठीच मुके जीव आणले गेले. पुढे अभ्यासातून दिसले की, पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या गोंधळतो आणि संघर्ष वाढतो. २०११ पासून वनविभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन जनजागृतीचा मार्ग धरला. बिबट्याची जागा बदलण्याऐवजी माणसाची सवय बदलण्यावर भर दिला.

घास की दोर?

आता पुन्हा त्या बिस्किटाकडे वळू.

चितळ हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातील सूक्ष्म जीव गवत, पाने, फुले पचवण्यासाठी घडलेले असतात. पाव, बिस्कीट, शिजवलेला भात असे पिठूळ अन्न एकदम पोटात गेले, की तेथे आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि प्राणी दगावूही शकतो. पदार्थासोबत प्लास्टिकचे वेष्टन गेले तर ते पोटात साचून राहते. शिवाय माणसाच्या हाताला चटावलेले हरीण रस्त्यावर येते, वाहनाखाली सापडते, कुत्र्यांच्या तावडीत जाते.

काही श्रावकांच्या मनात येथे शंका येईल. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अन्नपाननिरोध, म्हणजे खाणे-पिणे रोखणे, याचाही समावेश आहे. मग भुकेल्या हरणाला नाकारणे हा दोष नव्हे का? त्याचे उत्तर त्याच यादीत आहे. अन्नपाननिरोधाचा दोष आपल्या दावणीला असलेल्या, आपल्यावर विसंबलेल्या जीवाच्या बाबतीत लागतो. चितळाला अरण्याने अन्न दिलेले आहे. ते कोणी रोखलेले नाही. याच यादीतील पहिला अतिचार मात्र बंध हा आहे. स्वतंत्र जीवाला आपल्या हाताची सवय लावणे म्हणजे न दिसणाऱ्या दोराने त्याला बांधणेच होय.

असाच एक गैरसमज पाडसाविषयी आहे. चितळाची मादी नवजात पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. पाडसू निश्चल पडून राहते. तेच त्याचे संरक्षण असते. एकटे पाडसू दिसले म्हणून कनवाळूपणे ते उचलून आणले, तर आई परत येते तेव्हा जागा रिकामी असते. दयेच्या पोटी घडलेली ताटातूट ही शेवटी ताटातूटच.

श्रावकाच्या हाती असलेले

मग करावे काय? उद्यानात जाताना खाण्याची पिशवी बंद ठेवावी आणि मुलांना त्याचे कारण सांगावे. बोरिवली, मुलुंड, ठाणे या बाजूंनी अरण्याला खेटून असलेल्या सोसायट्यांनी ओला कचरा उघड्यावर टाकू नये. साधर्मिक वात्सल्याचे किंवा लग्नाचे उरलेले अन्न कुंपणाबाहेर पडले, की त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्या टोळ्या पाडसांच्या मागे लागतात, आणि कुत्रा हे बिबट्याचेही आवडते भक्ष्य असल्याने त्यांच्या मागोमाग बिबट्या वस्तीत येतो. एका पातेल्यातून सांडलेले अन्न असे तीन जीवांना संकटात घालते. कुत्र्यांना घास देणाऱ्यांनी तो अरण्याच्या काठापासून दूर, ठरलेल्या जागी द्यावा आणि उरलेले उचलावे. उन्हाळ्यात वाळक्या गवताजवळ विडी-काडी पडू न देणे, हीदेखील अगणित सूक्ष्म जीवांची राखण आहे.

जखमी किंवा अडकलेला वन्यप्राणी दिसला, तर स्वतः हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ज्यांना दान करावयाचे आहे त्यांच्यासाठी उद्यानातील बंदिस्त प्राण्यांना दत्तक घेण्याची योजना आहे. जे जीव खरोखरच माणसावर अवलंबून आहेत, त्यांच्या पालनपोषणाला ती रक्कम लागते. पांजरापोळीचे संस्कार असलेल्या घरांना हा मार्ग परका वाटणार नाही.

वाडवडिलांनी दुकानाच्या मिळकतीतून जीवदयेचा वाटा वेगळा काढला, तेव्हा देणे म्हणजेच दया असा संस्कार घराघरांत रुजला. त्या संस्काराला बाध न आणता त्यात आता एक भर घालावी लागेल. काही ठिकाणी न देणे, न शिवणे, दूर उभे राहणे हीच दया असते. शांतिनाथांच्या पीठावर कोरलेला मृग कोणाच्या हातून काही खात नाही. तो निर्भय बसलेला आहे. बोरिवलीच्या गवतातील चितळालाही माणसाकडून तेवढेच हवे आहे: अन्न नव्हे, अभय.