गेमिंग संगणक : बचत कुठे करावी, कुठे करू नये

भिलाई पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील सिविक सेंटर ही शहराची जुनी बाजारपेठ. परिसरात शिकवणी वर्गांची वर्दळ असते. बारावीनंतर मुलासाठी संगणक घेणाऱ्या पालकांचे अंदाजपत्रक ठरलेले असते, मुलाला मात्र त्यावर अभ्यासाबरोबर गेमही खेळायचे असतात. अशा वेळी सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेणे परवडते. मात्र बचत कोणत्या भागावर केली, यावर त्या संगणकाचे आयुष्य अवलंबून राहते.

गेमचा वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर ठरतो. त्यामुळे खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्यालाच द्यावा. येथे केवळ नावावर विसंबणे धोक्याचे आहे. 'आरटीएक्स ३०५०' या एकाच नावाने २०२२ मध्ये ८ जीबीचे, तर २०२४ मध्ये ६ जीबीचे कार्ड आले. दुसऱ्यात केवळ मेमरी कमी नाही. त्यातील कोअरही २,५६० ऐवजी २,३०४ आहेत.

प्रोसेसर महागडा नको. सहा कोअरचा 'रायझन ५ ५६००' अशा संगणकाला पुरेसा आहे. तो 'एएम ४' या जुन्या सॉकेटचा असला तरी त्याला डीडीआर ४ रॅम चालते; नव्या 'एएम ५' ला केवळ डीडीआर ५ लागते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने रॅमचे दर भडकले. घरातील जुन्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर ४ रॅम असेल, तर ती काढून वापरणे शहाणपणाचे. लॅपटॉपची रॅम मात्र डेस्कटॉपमध्ये बसत नाही. नवी घ्यायची झाल्यास १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या वेगवान ठरतात.

सर्वाधिक हयगय होते ती एसएमपीएसबाबत, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीबाबत. कॅबिनेटबरोबर स्वस्तात येणाऱ्या पेटीवर '५०० वॉट' असे ठळक छापलेले असते. ग्राहकाने त्याऐवजी लेबलवरील १२ व्होल्टचा रकाना वाचावा. तेथे १८ अँपिअर लिहिले असेल, तर त्या वाहिनीवर २१६ वॉटच मिळतात. 'आरएक्स ६६००' कार्ड १३२ वॉट घेते आणि वर सांगितलेला प्रोसेसर पूर्ण भारावर ७६ वॉटपर्यंत जातो. बेरीज २०८, पंखे आणि हार्ड डिस्क अजून मोजायचेच आहेत. अशी पेटी जळताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकते. '८० प्लस' ही खूण विजेची बचत सांगते, सुरक्षिततेची हमी देत नाही. म्हणून नामांकित कंपनीची आणि अधिक वर्षांच्या वॉरंटीची पेटी घ्यावी.

मे महिन्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो. समोरून काचेने बंद असलेले, दिव्यांनी झगमगणारे कॅबिनेट दुकानात शोभून दिसते. पण त्यात हवा खेळत नाही. जाळीचा दर्शनी भाग आणि दोन पंखे असलेले साधे कॅबिनेट घ्यावे, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवावेत. खरेदीच्या वेळी प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटी बिलावर लिहून घ्यावा. वॉरंटीचा दावा करताना तोच विचारला जातो.