सज्ज, सिद्ध आणि तत्पर

सोलापूर हे मागांचे शहर आहे. तेथील चादर देशभर प्रसिद्ध आहे. ती विणणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळांच्या घरी तेलुगू बोलली जाते. बाहेर मराठी चालते, आणि शेजारी कन्नड किंवा उर्दू कानी पडते. अशा शहरातील मूल शाळेत इंग्रजी शिकू लागले, की 'रेडी' आणि 'बिझी' हे दोन शब्द त्याला फार सोयीचे वाटतात. माग रेडी, जेवण रेडी, आणि मूलही बाहेर जायला रेडी! बाबा मागावर बिझी, आई स्वयंपाकात बिझी, आणि भाऊ पतंग उडवण्यात बिझी!

खुद्द इंग्रजांचे काम मात्र या दोन शब्दांवर भागत नाही. आधीपासून बेत करून जो तयार झाला, त्याला ते 'प्रिपेअर्ड' म्हणतात. 'एंगेज्ड' या शब्दाच्या मुळाशी तारण किंवा वचन आहे. ज्याने आपला वेळ कोणाला तरी देऊन टाकला, तो एंगेज्ड. 'बिझी' पासूनच 'बिझनेस' हा शब्द निघाला. याचा अर्थ, ज्या भाषेतून हे सुटसुटीत शब्द उचलले, तिच्यातही प्रत्येक शब्दाचे घर निराळे आहे. मराठीत तर अशी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बरीचशी सोलापुरात हिंडता हिंडता पाहता येतात.

'तयार' हा सर्वांत परिचित शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ 'उडणारा' असा आहे. पिसे झडून नवी आलेला शिकारी ससाणा पुन्हा उडण्याजोगा झाला, की तो 'तयार' झाला, अशी या शब्दाची हकीकत सांगतात. आता तो कोठेही चालतो. लोणचे तयार होते, रस्ता तयार होतो, आणि पुतळाही तयार होतो. त्यांपैकी एकालाही उडावयाचे नसते.

'सज्ज' हा शब्द इतका मोकळा नाही. त्याचा अर्थ पाहावयाचा असेल, तर हातमागापाशी जावे. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवणे हे मोठे किचकट काम आहे. सुताला आधी खळ देतात; ती वाळली, की धागे क्रमाने लावून एकेक करून फणीतून ओवतात. येथे घाई उपयोगाची नाही. एक धागा चुकीच्या जागी गेला, तर त्याची रेघ कापडाच्या टोकापर्यंत उमटत जाते, आणि मग विणकराचे सारे श्रम कमी किमतीला जातात. सर्व धागे जागच्या जागी बसले आणि ताण सारखा पडला, म्हणजे माग सज्ज झाला; आता फक्त धोटा फेकावयाचा. 'सज्ज' हे 'सज्य' या संस्कृत शब्दाचे प्राकृत रूप मानले जाते. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी न चढवलेले धनुष्य ही केवळ एक काठी होय. दोरी ताणून चढवली, की ते सज्ज होते. ताणा चढवलेला माग आणि दोरी चढवलेले धनुष्य यांच्यातले साम्य डोळ्यांना सहज दिसते. म्हणूनच साधनसामग्री जोडून जे तयार होते, त्याला हा शब्द शोभतो. सैन्य सज्ज होते, जहाज सज्ज होते, सोलापूरचा भुईकोट किल्लाही एके काळी तोफांनी सज्ज असे. पुरणपोळी मात्र सज्ज होत नाही.

पुरणपोळीसाठी जुनी माणसे 'सिद्ध' हा शब्द वापरीत. "स्वयंपाक सिद्ध आहे, पाने घ्या," असे ती म्हणत. 'सिद्ध' आणि 'शिजणे' हे एकाच धातूचे शब्द आहेत, हे कळल्यावर त्यात नवल उरत नाही. धनुष्याला दोरी बाहेरून लावतात. तांदूळ मात्र आतून शिजतो. जे आतून पूर्ण झाले, ते सिद्ध. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या नावात हाच शब्द आहे. बाराव्या शतकातील या शिवयोग्याचे मंदिर तलावाच्या पाण्याने वेढलेले आहे. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते व सात उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते. नंदीध्वज पेलणे सोपे नव्हे. त्यासाठी भक्त आधीपासून सराव करतात. मिरवणुकीच्या सकाळी पांढरी बाराबंदी घालून ते सज्ज होतात खरे, परंतु खांदे आणि कंबर सरावाने आधीच सिद्ध झालेली असतात. बाराबंदी कोणालाही घालता येईल. सरावावाचून नंदीध्वज पेलणार नाही.

कामात असण्याच्या शब्दांकडे वळले, की आणखी गंमत आढळते. 'गर्क' अरबी आणि 'मग्न' संस्कृत. पण दोहोंचा मूळ अर्थ एकच, बुडालेला! परस्परांपासून इतक्या दूरच्या दोन भाषांना एकच चित्र सुचले. 'गुंतणे' हा शब्द सुतावरून सुचावा असा आहे. त्यातून सुटणे अवघड असते. 'व्यग्र' हा 'एकाग्र' याच्या उलट शब्द. अग्र म्हणजे टोक. ज्याच्या मनाचे टोक एकाच जागी लागले, तो एकाग्र. ज्याचे मन अनेक दिशांना ओढले जाते, तो व्यग्र. आणि अलीकडे जो तो आपण 'व्यस्त' असल्याचे सांगतो. गणितात ज्याने 'व्यस्त प्रमाण' शिकले आहे, त्याला मराठीत या शब्दाचा जुना अर्थ 'उलटा' हा आहे, हे ठाऊक असते. हिंदीच्या सहवासाने त्याला नवा अर्थ मिळाला. तो आता मराठीत रुळला असला, तरी 'कामात गुंतलो आहे' यात जो जिव्हाळा आहे, तो त्यात नाही.

नेमलेल्या जागी उभे असणाऱ्याला 'तैनात' म्हणतात. यात हुकूम दुसऱ्याचा असतो. यात्रेच्या बंदोबस्ताला पोलीस तैनात असतात. उलट, 'तत्पर' होण्यास हुकूम लागत नाही. तत् म्हणजे ते; 'तेच' ज्याला सर्वांहून मोठे वाटते, तो तत्पर.

सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्रात हे शब्द आपापल्या जागी दिसतात. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. रुग्णवाहिका व औषधे घेऊन पथक सज्ज झाले. कोटणीसांना कोणी तैनात केले नव्हते. पुढील शिक्षणाचा बेत बाजूला ठेवून ते आपण होऊन निघाले. ही तत्परता होय. पथकातील इतर डॉक्टर यथाकाल मायदेशी परतले. कोटणीस तेथेच राहिले व चिनी भाषा शिकले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास झोप न घेता जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. त्या तीन दिवसांविषयी लिहिताना 'डॉक्टर बिझी होते' असे कोणी लिहिणार नाही. 'व्यग्र होते' असेही म्हणता येणार नाही; कारण ज्याच्या हातात शस्त्र आहे आणि समोर जखमी माणूस आहे, त्याचे मन अनेक दिशांना जाऊन कसे चालेल? ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा अंत झाला. त्या ७२ तासांना 'मग्न' हा शब्द पुरेल, की 'एकाग्र' अधिक योग्य होईल, याचा निर्णय वर्गात चर्चा करूनच घ्यावा लागेल.