रोगाचा हेतू आणि संघाची सोबत

दीर्घ आजाराने गांजलेला माणूस ‘हे आमच्या नशिबाचे भोग’ असे म्हणून हात टेकतो, हे दृश्य आपल्या वस्त्यांत आजही दिसते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हा उद्गार अधूनमधून कानी येतो. वस्तुतः तथागतांनी हा समज स्पष्टपणे नाकारलेला आहे. संयुत्त निकायातील वेदना-संयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांना विचारतो की, माणसाच्या वाट्याला येणारे सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच असते, हे मत योग्य आहे काय? तथागत उत्तर देतात की, काही वेदना पित्तामुळे, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतुपालटामुळे, तर काही ‘विषमपरिहारा’मुळे, म्हणजे शरीराची निगा नीट न राखल्यामुळे उत्पन्न होतात. त्यांनी सांगितलेल्या आठ कारणांत कर्मविपाक हे केवळ एक आहे. रोगाला हेतू असतो. आणि हेतू शोधता येतो म्हणूनच उपायही शोधता येतो. या दृष्टीने आम्ही येथे मधुमेहाचा, त्यातही प्रौढ वयात जडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा विचार करू इच्छितो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा रोग आहे, ही समजूत आता सोडली पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपल्या बालकांचे स्नायू लहान होते. मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. मातेच्या कुपोषणाची खूण बाळाच्या देहात अशी उतरते आणि पुढे अन्न मुबलक झाले, श्रम कमी झाले की तोच देह मधुमेहाला लवकर बळी पडतो. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या अर्धपोटी राहिल्या, त्याने या निष्कर्षाकडे विशेष गांभीर्याने पाहिले पाहिजे. म्हणूनच रोग्याला दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. स्वतः बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेहाने अनेक वर्षे ग्रासले होते, आणि त्याच अवस्थेत त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्ध केला, हे आपण जाणतोच.

आता या रोगाची घडण पाहू. गरजेहून अधिक अन्न वर्षानुवर्षे पोटात गेले की त्वचेखाली मेद साठविण्याची शरीराची मर्यादा संपते आणि तो यकृतात व स्वादुपिंडात साचू लागतो. असे यकृत इन्शुलिनला नीट प्रतिसाद देत नाही व रक्तात साखर सोडतच राहते. मेदाने व्यापलेल्या स्वादुपिंडातून पुरेसे इन्शुलिन स्रवत नाही. ही मर्यादा प्रत्येकाची निराळी असते. म्हणून सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह होतो. हेतू असा उलगडल्यावर पुढचा प्रश्न स्वाभाविकच उभा राहतो : हेतू दूर केल्यास रोग दूर होतो काय?

पहिले उत्तर चीनमधून आले. तेथील दाचिंग शहरात १९८६ साली ३३ दवाखान्यांतून मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७७ व्यक्ती निवडण्यात आल्या. काही दवाखान्यांत आहाराचे, काहींत व्यायामाचे, तर काहींत दोहोंचे मार्गदर्शन दिले गेले. उरलेल्यांत नेहमीची व्यवस्था राहिली. सहा वर्षांनी नेहमीच्या व्यवस्थेतील सुमारे ६८ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. मार्गदर्शन मिळालेल्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ टक्के होते. तीस वर्षांनंतरच्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मार्गदर्शन मिळालेल्यांना मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा जडल्याचे, त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघात कमी झाल्याचे आणि त्यांचे आयुर्मान सुमारे दीड वर्षाने वाढल्याचे आढळले.

जडलेला रोग परतविता येतो काय, याचे उत्तर ब्रिटनमधील प्रा. रॉय टेलर व प्रा. माइक लीन यांच्या प्रयोगाने दिले. स्कॉटलंड व टाइनसाइड भागांतील स्थानिक दवाखान्यांत मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्या रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली तीन ते पाच महिने अत्यंत मित आहार देण्यात आला. २०१७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार एका वर्षाने त्यांच्यापैकी ४६ टक्के जणांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली राहिली; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांनी १५ किलो वा अधिक वजन घटविले, त्यांच्यापैकी ८६ टक्के रोगमुक्तीच्या या अवस्थेला पोहोचले. परंतु दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले आणि पुढेही ही घसरण चालू राहिली. ज्यांचे वजन पुन्हा वाढले, त्यांचा रोगही परतला. तात्पर्य, रोग परतविता येतो. पण हेतू पुन्हा जमला की रोगही पुन्हा येतो.

म्हणजे खरी कसोटी आरंभाची नसून सातत्याची आहे. आणि सातत्य एकट्याच्या निर्धारावर क्वचितच टिकते. कोसल-संयुत्तातील दोणपाक सुत्त नेमके हेच सांगते. राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्यास भोजनातील मात्रा जाणण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली व प्रत्येक भोजनाच्या वेळी म्हणण्यास नेमले. क्रमाक्रमाने राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि त्याचा देह हलका झाला. उपदेश एकदाच मिळाला. आठवण मात्र दररोज करून दिली गेली. राजाला त्यासाठी माणूस नेमता आला. ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठी संघ आहे.

सामान्य माणसांनी एकमेकांची अशी सोबत करण्याचा मोठा प्रयोग केरळात झाला आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील नेय्याट्टिन्करा तालुक्यात ६० मतदान-क्षेत्रांतून १,००७ व्यक्ती निवडण्यात आल्या. त्यांपैकी निम्म्या क्षेत्रांत शेजारपाजारच्याच लोकांना प्रशिक्षण देऊन गटप्रमुख केले गेले आणि वर्षभर गटांच्या बैठका झाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे : दोन वर्षांनी मधुमेहाच्या प्रमाणातील फरक (१४.९ टक्के विरुद्ध १७.१ टक्के) संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. मात्र मद्याचे सेवन घटले आणि फळे-भाज्यांचे वाढले. नुसती बैठक पुरेशी नाही, हा या प्रयोगाचा धडा. पण शेजाऱ्याच्या सोबतीने सवयी बदलतात, हाही त्याचाच धडा होय.

आपल्याकडे विहार आहे, साप्ताहिक वंदना आहे, एकमेकांना ओळखणारे उपासक-उपासिका आहेत. वंदनेनंतर दहा-पंधरा जणांच्या गटाने अर्धा तास बसावे, वजन व कमरेचा घेर नोंदवावा, आठवड्यात किती चाललो ते सांगावे. जो आला नाही त्याच्या घरी कोणीतरी जावे. तीस वर्षांवरील सर्वांनी शासकीय आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासून घ्यावी. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा व धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनात बुंदीऐवजी उसळ व कोशिंबीर वाढावी. ज्वारीची भाकरी हितकर असली तरी तिचीही मात्रा असते, हे विसरू नये. घरच्या स्त्रीवर वेगळ्या स्वयंपाकाचा नवा भार पडणार असेल, तर तो बदल टिकणार नाही. म्हणून साऱ्या घराचे ताट एकच असावे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. औषधे किंवा इन्शुलिन कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. आहार एकाएकी घटवून औषध तेवढेच ठेवल्यास साखर अतिशय उतरून जीवावर बेतू शकते. म्हणून दोन्ही बदल डॉक्टरांच्या सल्ल्याने, बरोबरीनेच झाले पाहिजेत.

पुढच्या वंदनेला आपल्या शेजारी बसलेल्या उपासकाला एवढेच विचारावे : ‘साखर केव्हा तपासली होती?’ सुदस्सनाचे काम तेथूनच सुरू होते.