हे खरंच घडलंय काय?

बेळगावजवळच्या आमच्या उचगावात ‘खरं’ या शब्दाचे दोन अर्थ. एक सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे तो. दुसरा अर्थ ‘पण’. “येणार होतो, खरं पाऊस आला,” असं आम्ही सहज बोलतो. त्यामुळे पुस्तक भेट देणाऱ्याला जी भीती वाटते ती आमच्या बोलीत एका वाक्यात मावते: “पुस्तक चांगलं हाय, खरं मी वाचलोय.”

हे वाक्य मी दोन वेळा ऐकलं, दोन्ही वेळा तात्यांकडून. तात्या म्हणजे माझे चुलते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डर म्हणून त्यांची हयात गेली. कास्टिंगवर हातोडीची टिचकी मारून आत पोकळी आहे का ते आवाजावरून सांगायचे. निवृत्तीनंतर तेच कान त्यांनी पुस्तकांना लावले. वाचतात भरपूर, पण घडलेलंच वाचायचं हा हट्ट. एका दिवाळीला मी त्यांना ‘स्वामी’ दिलं. रणजित देसाई तर आमच्या शेजारचे. उचगावावरून जाणारी वाट पुढे त्यांच्या कोवाडला पोचते. १९६२ सालच्या या कादंबरीनं माधवराव पेशवे घराघरांत नेले. इतके, की आमच्याकडची जुनी माणसं त्यातले संवाद इतिहास म्हणून सांगतात. तात्यांनी दोन दिवसांत संपवली आणि विचारलं, “खोलीत नवराबायको दोघंच. मग हे ऐकलेला कोण?”

कादंबरीला हा प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे. खरी गोष्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकाला मात्र तो विचारलाच पाहिजे. ऐकलेला कोण, बघितलेला कोण, आणि लिहिलं कधी? दिवाळीत कुणा पट्टीच्या वाचकाला थरारक सत्यकथा द्यायची असेल, तर दुकानात उभं राहून मी आता एवढंच पाहतो.

दरवर्षी मळेकरणी देवीच्या आमराईत आमचं साहित्य संमेलन भरतं. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, आणि कडेला पुस्तकांचे स्टॉल. तिथे ‘सत्यघटनेवर आधारित’ असं छापलेल्या पुस्तकांचा ढीग असतो. ‘आधारित’ या शब्दाला फार हात-पाय आहेत. ‘पॅपिलॉन’ घ्या. रवींद्र गुर्जरांच्या अनुवादामुळे ते मराठीत पिढ्यान्‌पिढ्या रात्र जागवून वाचलं गेलं. हेन्री शॅरिएर या फ्रेंच कैद्याचं मूळ पुस्तक १९६९ चं, आत्मचरित्र म्हणूनच आलेलं. पुढे लोकांनी फ्रेंचांच्या काळ्या पाण्याच्या तुरुंगांची दप्तरं उघडली, तेव्हा त्यातले बरेच प्रसंग दुसऱ्या कैद्यांचे असल्याचा आक्षेप आला. पुस्तक त्यानं कमी रंगतदार होत नाही. मी ते अजूनही देईन, पण तात्यांना नाही.

गुर्जरांचंच ‘सत्तर दिवस’ मात्र टिचकीला उतरतं. १३ ऑक्टोबर १९७२ ला अँडीज पर्वतात विमान कोसळलं. आत उरुग्वेचा एक रग्बी संघ, त्यांची माणसं आणि विमानाचे कर्मचारी, एकूण ४५. बहात्तर दिवसांनी वाचले १६. पिअर्स पॉल रीडनं वाचलेल्यांशी बोलून मूळ पुस्तक लिहिलं, म्हणजे बघितलेले सोळा जण हजर होते. जगण्यासाठी त्यांना मेलेल्या सोबत्यांचं मांस खावं लागलं, तेव्हा हे फराळाच्या ताटाबरोबर देऊ नये. भाऊबीज उलटल्यावर द्यावं.

पण मला जर एकच पुस्तक निवडा म्हणाल, तर ते विष्णुभट गोडसे वरसईकरांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढ्या आशेवर १८५७ साली चुलत्यासह निघाला. महूच्या आसपास पोचतो तोच बंडाची शिपाईमंडळी समोर. माघारी फिरण्याऐवजी दोघे पुढेच गेले, आणि १८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोझच्या तोफा झाशीवर सुरू झाल्या तेव्हा हा माणूस शहराच्या आत होता. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. लूट, कत्तल, जळणारी घरं, लपून बसलेली माणसं, हे सगळं त्यानं सैनिक म्हणून पाहिलं नाही की दरबारी म्हणून नाही. जीव मुठीत धरलेल्या भटजीच्या नजरेनं पाहिलं. म्हणूनच ते अंगावर येतं. राणी लक्ष्मीबाईबद्दल तो आदरानं लिहितो, पण पुतळ्याबद्दल लिहावं तसं नाही. जे मिळवलं ते वाटेत पुन्हा पुन्हा लुटलं गेलं. शेवटी आईवडिलांना गंगास्नान घालायचं म्हणून काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन हा घरी आला.

आता ‘लिहिलं कधी’ हा प्रश्न इथेही आहेच. गोडसे भटजींनी हे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलं. छापलं गेलं १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, आणि वैद्यांनी त्यावर आपला हात फिरवून. राज्य इंग्रजांचं, विषय सत्तावन्नचा; काळजी समजण्यासारखी आहे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. म्हणजे बाजारात एकाच नावाची दोन वेगळी पुस्तकं फिरतात. घेताना प्रस्तावना उघडून आत कोणती संहिता आहे ते बघा. पट्टीच्या वाचकानं वैद्यांची प्रत आधी वाचली असेल तर उत्तमच: दुसरी दिली की त्याला ‘वाचलोय’ म्हणता येणार नाही.

जवळच्या मातीतली पुस्तकं वाचकाला वेगळी धरतात. निपाणीहून कोल्हापूरकडे हमरस्त्याला लागलं की कागल. आनंद यादवांचं ‘झोंबी’ (१९८७) तिथलं. शाळेसाठी बापाशी, मळ्याशी, उपाशी पोटाशी केलेली झटापट. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार. लेखकानं मात्र त्याला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हटलं आहे. ही मला प्रामाणिक गोष्ट वाटते. तात्यांनी इथे सूट दिली. “ही बोली कुणाला खोटी बोलता येत नाही,” म्हणाले.

निपाणीचीच दुसरी गोष्ट रक्ताची आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या मागे हमरस्त्यावर ठाण मांडलं. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. भानू काळे यांच्या ‘अंगारवाटा’ (२०१६) या जोशींच्या चरित्रात ही हकीकत येते. आमच्या भागात तेव्हा त्या रस्त्यावर बसलेलं कुणी ना कुणी आजही भेटतं. असं पुस्तक दिलं की पानं उलटण्याआधी घरातच गोष्ट सुरू होते.

आणि चोर्ला घाटाच्या पलीकडच्या गोव्याचं एक. ‘सतीचे वाण’. ते लिहिणारे सांगलीचे मनोहर आपटे ‘मोहन रानडे’ या नावानं गोव्यात मराठीचे मास्तर झाले, आझाद गोमंतक दलात गेले, आणि १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, रानडे आतच. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्या सुटकेसाठी गीतरामायणाचे सुधीर फडके धडपडले, आणि तामिळनाडूच्या अण्णादुराईंनी थेट पोपकडे शब्द टाकला. हे कादंबरीत घातलं असतं तर संपादकानं काट मारली असती.

बाकी व्यवहाराचं थोडं. घेण्याआधी त्या माणसाचं कपाट बघून या, चहाच्या निमित्तानं. शंका असेल तर वाचनालयातून आणून आधी स्वतः वाचा; बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून त्यासाठीच उभं आहे. वय झालेल्याला बारीक टाइपाची स्वस्त आवृत्ती देऊ नका. दुकानातच पानं चाळा: एकदा माझ्या प्रतीत एक फर्मा दोनदा बांधलेला आणि पुढचा गायब निघाला, नेमका शेवटाकडे. पहिल्या पानावर तारीख आणि गाव लिहा. नाव सुवाच्य.

गेल्या पाडव्याला तात्यांना ‘माझा प्रवास’ दिलं, पोतदारांची संहिता. आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी गेलो तर भिंतीवरून नातवाचा शाळेचा नकाशा उतरवून त्यावर पेन्सिलीनं वरसईपासून रेघ ओढत बसले होते. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, काशी. कावडीच्या वाटेला मोजपट्टी लावून झाल्यावर चष्मा काढला.

“एवढं चालत गेला की रे,” म्हणाले, “खरं परत आला.”